अतिसंवेदनशीलतेचे चार प्रकार व वनक्षेत्रातील वैद्य

अंगावर गांधी उठलेल्या वा त्वचा उतलेल्या रुग्णास आपण सरसकट ‘ॲलर्जी’ असे नाव देऊन मोकळे होतो. वस्तुतः संरक्षक यंत्रणेची ही अवाजवी प्रतिक्रिया चार निरनिराळ्या मार्गांनी घडते. जेल व कूम्ब्स यांनी १९६३ साली मांडलेले हे वर्गीकरण आजही उपयुक्त आहे. संपर्क व लक्षणे यांतील अवधी विचारल्यास निदानास मोठे साहाय्य होते, हे आम्ही चंद्रपूर-गडचिरोलीतील वैद्यांच्या नजरेस आणू इच्छितो.

पहिला प्रकार मिनिटांचा. पूर्वी मधमाशी डसलेल्या काही व्यक्तींत आयजीई प्रतिपिंडे मास्ट पेशींवर बसलेली असतात. पुन्हा दंश होताच त्या पेशी हिस्टामीन सोडतात. गांधी उठतात, घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो. येथे मांडीच्या स्नायूत ॲड्रिनालीनचे इंजेक्शन हाच प्राणरक्षक उपाय होय. काढा-चूर्णात वेळ दवडू नये.

दुसऱ्या प्रकारात प्रतिपिंडे थेट पेशींवर हल्ला करतात. या जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ असून काहींना वारंवार रक्त द्यावे लागते. परक्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण झाल्यास रक्त दिल्यानंतर काही दिवसांनीही त्या पेशी फुटतात. असा रुग्ण कावीळ झाली म्हणून आपल्याकडे येतो. कामलेचे औषध देण्यापूर्वी ‘रक्त केव्हा चढविले?’ हे विचारावे व त्यास रुग्णालयात धाडावे.

तिसरा प्रकार प्रतिजन-प्रतिपिंडांच्या संयुगांचा. सर्पविषावरील लस घोड्याच्या रक्तापासून बनते. त्या परक्या प्रथिनांची संयुगे सूक्ष्म रक्तवाहिन्यांत साचून साधारण आठवड्याभराने ज्वर, सांधेदुखी व गांधी उद्भवतात. यास ‘विष अंगात उरले’ असे समजू नये. तसेच लस घेणे चूक होते, असेही रुग्णास कदापि सांगू नये. सर्पदंशात लसच प्राण वाचविते.

चौथा प्रकार बिब्ब्याचा. तो आपल्या औषधशाळांतलाच. भल्लातक तैलातील भिलावनॉल त्वचेतील प्रथिनांशी संयोग पावते व प्रतिपिंडांऐवजी टी-पेशी प्रतिक्रिया घडवितात. तेलाचा प्रत्यक्ष दाह निराळा. ही प्रतिक्रिया मात्र एक ते तीन दिवसांनी खाज, सूज व फोड या रूपाने प्रकटते. म्हणूनच अनेक महिने निर्वेधपणे काम करणाऱ्या कामगारासही एके दिवशी अकस्मात बिब्बा उततो, आणि दोष परवाच्या बिब्ब्याऐवजी आजच्या जेवणास दिला जातो. आंब्याचा चीक व काजूच्या टरफलाचे तेल यांतील द्रव्येही याच जातीची असल्याने अशा व्यक्तीस तीही बाधू शकतात.

इष्टिकाचूर्णाने तेल शोषून घेण्याचा शोधनविधी दाहक अंश घटवितो, निःशेष करीत नाही. औषधशाळाचालकांनी शोधनात काटकसर करू नये, कामगारांस हातमोजे द्यावेत व एकदा बिब्बा उतलेल्यास त्या कामावर पुन्हा नेमू नये. वैद्यांनीही भल्लातककल्प देण्यापूर्वी ‘पूर्वी कधी बिब्बा उतला होता काय?’ एवढा प्रश्न अवश्य विचारावा, ही आमची आग्रहाची विनंती आहे.