गालगुंडाचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’, पण दिवस कितवा?

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणाऱ्या एका कामगाराच्या सात वर्षांच्या मुलाचा डावा गाल सोमवारी सकाळी सुजला. कानाची पाळी वर उचललेली, जबड्याची कड बुजलेली, चिंचेचे नाव काढले तरी दुखायचे. आजीने गेरूचा लेप लावला. मंगळवारी वडिलांनी अर्धी पाळी बुडवून मुलाला लॅबमध्ये नेले आणि दिवसाची मजुरी मोजून ‘गालगुंड आयजीएम’ ही रक्ततपासणी करून घेतली. रिपोर्ट आला निगेटिव्ह. म्हणजे गालगुंड नाही, असे धरून मुलगा गुरुवारी शाळेत गेला. अडीच आठवड्यांनी वर्गातली दोन मुले आणि खुद्द वडील गाल धरून बसले. सिडको, चुंचाळे, पाथर्डी फाटा या भागातल्या कोणत्याही दवाखान्यात ऐकू येईल अशीच ही हकीकत.

लॅब चुकली का? बहुधा नाही. चुकली ती वेळ.

गालगुंडाचा विषाणू शरीरात शिरल्यापासून गाल सुजेपर्यंत साधारण १६ ते १८ दिवस जातात. कधी १२, कधी २५. त्याच्याशी लढायला शरीर आधी आयजीएम ही प्रतिपिंडे तयार करते. पण ती सूज आल्याबरोबर मोजण्याइतकी झालेली असतातच असे नाही. पहिल्या तीन दिवसांत घेतलेल्या रक्तात ती अनेकदा सापडत नाहीत. त्यानंतर वाढत जाऊन साधारण आठवड्याने शिगेला पोहोचतात. मंगळवार हा सुजेचा दुसरा दिवस. तेच रक्त पुढच्या सोमवारी घेतले असते, तर उत्तर कदाचित वेगळे आले असते.

लस घेतलेल्या मुलांत घोळ आणखी वाढतो. शरीराला विषाणूची ओळख आधीच असल्याने आयजीएम थोडेच तयार होते किंवा होतच नाही. दुसरे प्रतिपिंड आयजीजी. ते एकदा तयार झाले की वर्षानुवर्षे राहते. त्यामुळे एकाच नमुन्यात आयजीजी पॉझिटिव्ह आले, तर पूर्वी कधी तरी आजार झाला किंवा लस टोचली एवढेच कळते. आजच्या सुजेबद्दल काही नाही. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोन नमुने घेऊन त्याची पातळी चौपट झाली का, हे पाहता येते. पण तोवर मूल बरे होऊन गल्लीत क्रिकेट खेळत असते. शिवाय लसवंतांत पातळी आधीच चढलेली असल्याने ती चौपट होईलच असेही नाही.

उलट बाजूही आहे. पॅराइन्फ्लुएन्झा हा गालगुंडाच्या विषाणूचा भाऊबंद. तोही कधी कधी गाल सुजवतो आणि त्याची प्रतिपिंडे या तपासणीला फसवू शकतात. म्हणून पॉझिटिव्ह रिपोर्टही आजूबाजूची साथ आणि रुग्णाचा गाल पाहूनच वाचायचा.

सुरुवातीच्या दिवसांत भरवशाची तपासणी म्हणजे पीसीआर. त्यासाठी रक्त नको. कानापुढची लाळग्रंथी अर्धा मिनिट हलकेच चोळायची आणि वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाच्या आत जिथे तिची नळी उघडते, तिथून स्वॅब घ्यायचा. पहिल्या तीन दिवसांत घेतला तर उत्तम. आठवडा उलटला की विषाणू हाती लागणे अवघड. ही सोय प्रत्येक लॅबमध्ये नसते. आणि खरे तर प्रत्येक गालासाठी तिची गरजही नाही. शाळेत साथ चालू असताना सुजलेला गाल अनुभवी डॉक्टर नजरेनेच ओळखतो. तपासणीचा खरा उपयोग साथीच्या पहिल्या काही रुग्णांत, लस घेऊनही सूज आलेल्यांत आणि गाल न सुजता मेंदूच्या आवरणाला किंवा वृषणाला सूज आलेल्यांत. साध्या केसमध्ये मजुरीचे पैसे औषधपाण्याला राहिलेले बरे.

रिपोर्ट काहीही असो, मुलाला सूज आल्यापासून पाच दिवस घरीच ठेवावे. संसर्ग सुजेच्या दोन दिवस आधीपासून पसरू लागतो, त्यामुळे थोडी लागण तरीही होतेच. वडिलांची गोष्ट वेगळी. वयात आलेल्या पुरुषांत १०० पैकी १५ ते ३० जणांना वृषणाची सूज येऊ शकते. त्यातून कायमचे वंध्यत्व क्वचितच येते, पण दुखणे असे असते की मशीनसमोर उभे राहणे अवघड. गालगुंडामुळे एका कानाला बहिरेपण येते तेही क्वचितच, पण आले की बहुधा जात नाही.

‘सरकारी दवाखान्यातले सगळे डोस झालेत,’ असे आई कार्ड दाखवून सांगते, आणि ते खरेच असते. मात्र सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, गालगुंडाची नाही. तिघांवरची एमएमआर लस बालरोगतज्ज्ञांची संघटना सुचवते: नवव्या महिन्यात, पंधराव्या महिन्यात आणि चार ते सहा वर्षांच्या दरम्यान. ती बहुतेकांना पदरचे पैसे घालून घ्यावी लागते. दोन डोसांनी गालगुंडापासून सुमारे ८६ टक्के संरक्षण मिळते, एका डोसाने ७२ टक्के. पुण्यात तयार होणारी लस भारतातून परदेशात जाते आणि अंबडच्या चाळीतल्या मुलाच्या कार्डावर तिचा रकाना रिकामा असतो, हे खटकण्यासारखेच.

त्या घरात आता धाकटी बहीण उरली आहे, चार वर्षांची. भाऊ आणि वडील दोघांच्या संपर्कात आलेली. झालेल्या संसर्गाला आता टोचलेली लस अडवील याची खात्री नाही. पण तो झालाच नसेल, तर पुढच्या साथीत ती कामी येईल. कार्ड घेऊन आई पुन्हा रांगेत उभी आहे.