झुलणारं सिलिंडर

चहाच्या चमच्यात पाणी मावतं किती, पोरांनो? साधारण 5 मिलिलिटर. तेवढंच पाणी उकळून उडालं की त्याची वाफ आठ लिटरांहून जास्त जागा मागते. जवळजवळ 1,670 पट! पाण्याचे कण तेवढेच असतात, फक्त एकमेकांपासून सुटून लांब पळतात. पातेल्यावरचं झाकण त्याने नुसतं थडथडतं. पण त्याच वाफेला नळीत कोंडून पळायला एकच वाट ठेवली, तर ती समोरचा दट्ट्या ढकलल्याशिवाय राहत नाही. मालवण बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या राहायच्या त्या आगबोटी, ज्यांच्यापर्यंत माणसं होडीतून जायची, त्या ह्याच ढकलण्यावर चालायच्या.

आता खरी मेख ऐका. दट्ट्या टोकाला पोचला. वापरलेली वाफ बाहेर पडल्याशिवाय तो परत येणार कसा? म्हणजे एक दार बंद व्हायला हवं, दुसरं उघडायला हवं, आणि तेही चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला. धाकट्या नातीने नेमकं हेच विचारलं, “आजो, पण दार उघडता कोण?”

इंग्लंडात 1712 साली न्यूकमेनने खाणीतलं पाणी उपसायचं इंजिन उभं केलं. तसल्याच एका इंजिनाच्या झडपा हाताने उघडायला-मिटायला हम्फ्री पॉटर नावाचा पोरगा ठेवला होता, असं सांगतात. त्याला कंटाळा आला. त्याने वरखाली होणाऱ्या तुळईला दोऱ्या बांधल्या आणि इंजिन आपल्या झडपा आपणच ओढायला लागलं. गोष्ट कदाचित रचलेली असेल. मला मात्र फार आवडते, कारण तिच्यातली अक्कल खरी आहे.

आपण घरी बनवलेल्या ह्या छोट्या इंजिनाला तर दोऱ्याही नाहीत. नीट बघा. सिलिंडर पितळी पट्टीवर एका खिळीवर टांगलंय, स्प्रिंगने पट्टीला चिकटून बसलंय. दट्ट्याचा दांडा चाकावरच्या पिनीत अडकवलाय. चाक फिरलं की अख्खं सिलिंडर झोका घेतं. त्याला भोक एकच आहे, पट्टीला दोन. डावीकडे कललं की ते भोक आत येणाऱ्या वाफेसमोर येतं, उजवीकडे कललं की बाहेरच्या वाटेसमोर. मधोमध उभं असताना दोन्ही वाटा बंद. तेवढा क्षण जड चाक निभावून नेतं. झोका हाच दारवान!

म्हणून सिलिंडरच्या आणि पट्टीच्या, एकमेकींना चिकटणाऱ्या ह्या दोन पितळी पाठी घासायला एवढा वेळ घालवायचा. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवायचा, पाठीला मार्करची शाई फासायची आणि हलक्या हाताने घासायचं. शाई मधेच कुठे राहिली तर तिथे खळगा आहे, वाफ तिथून निसटणार.

घरच्या घरी इंजिन करायचा हा नाद आपल्याकडे जुना आहे. मुंबईच्या गोदीत जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्यातल्या अर्देशीर कर्सेटजींनी तरुणपणीच एक अश्वशक्तीचं इंजिन स्वतः बांधलं आणि विहिरीचं पाणी वर चढवलं. 1833 साली त्यांनी ‘इंडस’ नावाची छोटी आगबोट पाण्यात सोडली. 1841 मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय.

बॉयलरशी मात्र खेळ नाही. आधी तो गार पाण्याने काठोकाठ भरायचा आणि पंपाने नेहमीच्या दुप्पट दाब द्यायचा. पाणी फारसं दबत नाही, त्यामुळे सांधा कच्चा असला तर नुसतं ठिबकतं. तीच फट वाफेने फाटली तर हात भाजतो. सेफ्टी व्हाल्व्हशिवाय बॉयलरखालचा दिवा पेटवायचाच नाही, आणि मोठं माणूस जवळ नसताना तर मुळीच नाही.

आता वाफ सोडतो. लगेच फिरणार नाही. सिलिंडर गार आहे, त्यामुळे आत शिरलेल्या वाफेचं पुन्हा पाणी होईल आणि बाहेरच्या भोकातून पिचकाऱ्या उडतील. बोटाने चाकाला चार फेरे द्यायचे, सिलिंडर तापलं की इंजिन आपणहून पकडतं. ये गो बाय, पहिला फेरा तू दे.