लेखनाचें नाणें आणि राशीची वांटणी

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हल्लीं एक नवा विषय निघूं लागला आहे. शिकलेला मुलगा किंवा पुतण्या म्हणतो कीं, अमुक संकेतस्थळावर लेख लिहिले, छायाचित्रें टाकलीं, म्हणजे त्याबद्दल क्रिप्टो नाणें मिळतें. मग आपल्या डाळिंबाच्या बागेची किंवा ठिबक सिंचनाची हकीकत तेथें कां लिहूं नये? येथपर्यंत कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु पुढें तो असेंही म्हणतो कीं, आरंभीं थोडें नाणें विकत घेऊन ठेविलें तर प्राप्ति वाढते. आणि मग गोष्ट कांद्याच्या पट्टीच्या किंवा पीककर्जाच्या रकमेपर्यंत येऊन पोहोंचते. गांठचा पैसा घालावयाचा असेल तर हा व्यवहार कसा चालतो, नाणें येतें कोठून आणि त्यावर सत्ता कोणाची, हें मुळापासून पाहिलें पाहिजे. या प्रकारचें सर्वांत गाजलेलें उदाहरण म्हणजे स्टीम हें होय. त्याची हकीकत आतां पुरती उघड झालेली असल्यामुळें तीच येथें सांगतों.

स्टीमची ब्लॉकचेन मार्च २०१६ मध्यें अमेरिकेंत नेड स्कॉट व डॅनियल लॅरिमर या दोघांनीं सुरू केली. ब्लॉकचेन म्हणजे एकाच वेळीं अनेक संगणकांवर ठेविलेली सामायिक खतावणी. तींत एकदां मांडलेली नोंद मागाहून कोणा एकट्यास खोडतां येत नाहीं. या खतावणीवर स्टीमिट नांवाचें संकेतस्थळ उभारिलें, आणि ४ जुलै २०१६ रोजीं लेखकांस पहिला मोबदला वांटण्यांत आला. चालकांचें म्हणणें असें कीं, फेसबुक वगैरे ठिकाणीं लिहितात लोक आणि नफा खातात कंपनीचे भागधारक. आमच्या येथें लिहिणारा व वाचून निवड करणारा या दोघांसही वांटा मिळेल. हें म्हणणें दिसण्यांत तरी न्यायाचें होतें.

आतां वांटणीची रीत पाहूं. ज्यांनीं जुन्या काळचें खळें पाहिलें आहे त्यांस ती समजण्यास जड जाणार नाहीं. खळ्यावर रास पडली म्हणजे सुतार, लोहार, चांभार आपापलें बलुतें नेत. रास आहे तेवढीच, म्हणून एकाचें माप वाढलें तर दुसऱ्याचें कमी होणारच. स्टीममध्यें दर तीन सेकंदांस खतावणीचें एक पान लिहिलें जातें, आणि प्रत्येक पानाबरोबर थोडें नवें नाणें निर्माण होतें. त्यांतील मोठा भाग एका सामायिक राशींत जातो. लेख प्रसिद्ध झाल्यापासून सात दिवसपर्यंत लोक त्यास मतें देतात; सात दिवस भरले कीं मतांच्या वजनाप्रमाणें त्या राशींतून लेखाचें माप ओततात. आरंभीं लेखकास सुमारें तीन हिस्से व मत देणारांस एक हिस्सा अशी वांटणी असे. ऑगस्ट २०१९ पासून ती निम्मेनिम करण्यांत आली.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. बलुतेदाराचें माप ज्या राशींतून निघे ती जमिनींतून पिकलेली असे. स्टीमची रास हिशेबानें निर्माण केलेली असते. डिसेंबर २०१६ मध्यें नवें नाणें दरसाल सुमारें साडेनऊ टक्के या मानानें काढण्याचा नियम झाला, व तें प्रमाण दरवर्षीं सुमारें अर्ध्या टक्क्यानें उतरत जावें असें ठरलें. याचा अर्थ, जुन्या नाण्याच्या धन्याचा वांटा तेवढ्यापुरता पातळ होतो आणि तो पातळपणा लेखकाच्या पदरीं मोबदला म्हणून पडतो. नवें गिऱ्हाईक नाणें घेण्यास येत आहे तोंपर्यंत हें कोणास बोंचत नाहीं.

भावाची गोष्ट तर कांद्यासही लाजविणारी आहे. जुलै २०१६ मध्यें एका स्टीमचा भाव ४ डॉलरांच्या वर गेला होता. मार्च २०१७ मध्यें तोच १० सेंटांच्याही खालीं होता. जानेवारी २०१८ च्या आरंभीं तो ८ डॉलरांच्या घरांत चढला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अर्ध्या डॉलराच्याही पुष्कळ खालीं आला. नोव्हेंबर २०१८ मध्यें खुद्द स्टीमिट कंपनीस आपल्या नोकरांपैकीं सुमारें ७० टक्के लोकांस निरोप द्यावा लागला. कांदा दोन महिने चाळींत ठेवून भावाची वाट पाहतां येते. येथें मिळालेला मोबदला साधारणतः दोन रूपांत येई: अर्धा ‘स्टीम डॉलर’ या नाण्यांत, आणि अर्धा ‘स्टीम पॉवर’ म्हणजे गुंतवून ठेविलेल्या नाण्यांत. त्या काळीं हें गुंतलेलें नाणें मोकळें करावयाचें झाल्यास तेरा आठवडे लागत, व दर आठवड्यास तेराव्या हिश्शाप्रमाणेंच तें सुटे. आरंभीं तर ही मुदत पुरीं दोन वर्षें होती. मधल्या काळांत भाव काय होईल तो होवो.

मग गुंतवावें तरी कशास? कारण मताचें वजन तेवढ्यावरच ठरतें. ज्याच्यापाशीं स्टीम पॉवर अधिक, त्याचें मत जड. सहकारी सोसायटींत शंभर भाग घेणारा आणि एक भाग घेणारा या दोघांसही एकेकच मत असतें. आपल्या सभासदांस हा नियम इतका अंगवळणी पडला आहे कीं, त्याची किंमत सहसा जाणवत नाहीं. स्टीममध्यें तो नियम नाहीं. समजा, एकानें ठिबकच्या नळ्यांत साचलेला क्षार काढण्याची उत्तम रीत चार दिवस खपून लिहिली, आणि तीस पन्नास लहान शेतकऱ्यांनीं मत दिलें; दुसऱ्यानें सूर्यास्ताचें एक छायाचित्र टाकलें व तें एका बड्या खातेदारास आवडलें. अशा वेळीं छायाचित्राचें माप पायलीचें आणि क्षाराच्या लेखाचें चिपट्याचें निघणें यांत नियमाविरुद्ध कांहींच नाहीं. शिवाय मराठींत लिहिलेला मजकूर ज्यांस वाचतांच येत नाहीं, ते त्यास मत कां देतील?

पुढें पुढें बडे खातेदार स्वतःच्याच लेखांस मतें देऊं लागले. कांहींनीं मतें भाड्यानें देण्याचा उघड धंदा मांडला: इतकें नाणें पाठवा, आमचें यंत्र तुमच्या लेखास इतक्या वजनाचें मत देईल. लेख काय आहे हें त्या यंत्रास वाचावें लागत नसे. हें आवरण्यासाठीं २०१९ च्या फेरबदलांत विरुद्ध मत देण्याची निराळी सोय करण्यांत आली. परंतु बड्या खातेदाराच्या विरुद्ध मत देणारा लहान माणूस उलट तडाख्यास भिणारच. गांवांत पाटलाच्या विरुद्ध हात वर करण्यासारखेंच तें झालें.

सर्वांत शिकण्याजोगी हकीकत २०२० सालची आहे. खतावणी लिहिण्याचें काम ‘साक्षीदार’ या नांवाचे निवडून आलेले वीस इसम आणि पाळीपाळीनें येणारा एक असे एकवीस जण करीत. प्रत्येक खातेदारास तीस उमेदवारांपर्यंत मतें देतां येत, आणि प्रत्येक मताचें वजन त्याच्या गुंतविलेल्या नाण्याइतकें पूर्ण धरलें जाई. याचा परिणाम असा कीं, ज्याच्यापाशीं सर्वांत मोठा सांठा, त्यास वीसच्या वीस जागा भरतां येतील. स्टीमिट कंपनीनें आरंभींच्या दिवसांत स्वतः पुष्कळ नाणें खणून ठेविलें होतें. २०२० मध्यें तें एकंदर नाण्याच्या सुमारें पंचमांश भरत होतें. हा सांठा आम्ही मतदानास वापरणार नाहीं असें कंपनीनें लोकांस वारंवार सांगितलें होतें, परंतु तें नियमांत कोठेंही बांधलेलें नव्हतें.

१४ फेब्रुवारी २०२० रोजीं ट्रॉन या दुसऱ्या नाण्याचे चालक जस्टिन सन यांनीं स्टीमिट कंपनी विकत घेतल्याचें जाहीर झालें. साक्षीदार घाबरले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनीं नियमांत बदल करून तो जुना सांठा गोठविला. २ मार्च रोजीं त्यास उत्तर आलें. बायनान्स, हुओबी व पोलोनिएक्स या नाण्यांच्या तीन मोठ्या पेढ्यांनीं आपल्यापाशीं ठेव म्हणून असलेलें गिऱ्हाइकांचें स्टीम गुंतविलें, त्याच्या बळावर मतें दिलीं, आणि कांहीं तासांत जुने साक्षीदार खालीं येऊन नवे बसले. आपण आपलीं पोतीं वखारींत ठेवावीं, आणि वखारवाल्यानें तीं आपलींच आहेत असें दाखवून सोसायटीचें मंडळ निवडावें, असा हा प्रकार झाला. ओरड झाल्यावर बायनान्स व हुओबी यांनीं मतें काढून घेतलीं. तरी गुंतविलेलीं नाणीं नियमाप्रमाणें तेरा आठवड्यांच्या हप्त्यांनींच मोकळीं व्हावयाचीं होतीं. तीं नाणीं त्या पेढ्यांचीं नव्हतीं, हें विसरतां येत नाहीं.

जुन्या मंडळींनीं २० मार्च २०२० रोजीं वेगळी चूल मांडली. खतावणीची हुबेहूब नक्कल काढून, कंपनीचा तो सांठा मात्र वगळून, त्यांनीं हाइव्ह या नांवानें नवी साखळी सुरू केली, आणि बहुतेक खातेदारांस जितकें स्टीम तितकेंच हाइव्ह मिळालें. इकडे मे २०२० मध्यें स्टीमच्या नव्या साक्षीदारांनीं आपल्या विरोधकांच्या साठांहून अधिक खात्यांतील सुमारें २ कोटी ३६ लक्ष स्टीम, म्हणजे त्या वेळच्या भावानें सुमारें ५० लक्ष डॉलरांचें नाणें, काढून घेण्याचा नियम केला. ‘खतावणींतील नोंद कोणास खोडतां येत नाहीं’ असें वर म्हटलें तें खरेंच आहे. पण बहुमत ज्याच्या हातीं आहे तो नवी नोंद मांडून जुनीचा अर्थ पालटूं शकतो. या घटनेंतून आमच्या मतें स्टीमवाल्यांपेक्षां सहकारी संस्थांनींच अधिक शिकण्यासारखें आहे.

आतां आपल्या इकडील कायद्याचें थोडें. रिझर्व बँकेनें एप्रिल २०१८ मध्यें बँकांस या नाण्यांच्या व्यवहारापासून दूर राहण्यास फर्माविलें होतें. तें परिपत्रक सर्वोच्च न्यायालयानें ४ मार्च २०२० रोजीं रद्द केलें. त्यानंतर १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या विक्रीच्या नफ्यावर ३० टक्के कर बसला, व त्यावर उपकर निराळा; एका नाण्यांतील तोटा दुसऱ्याच्या नफ्यांतून वजा घालतां येत नाहीं, कीं पुढील सालांतही ओढतां येत नाहीं. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेंतून एक टक्का कर आधींच कापण्याचीही तरतूद झाली. कित्येकांची अशी समजूत आहे कीं, शेतीचें उत्पन्न आयकरमुक्त, तेव्हां शेतीवरील लेखाचें उत्पन्नही तसेंच. हा समज साफ चुकीचा आहे. पिकाबद्दल आलेला पैसा शेतीचा. पिकाविषयीं लिहून आलेलें नाणें शेतीचें नव्हे. सबब, कोणत्या तारखेस किती नाणें मिळालें व त्या दिवशीं रुपयांत भाव काय होता, याची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी.

एवढें कळूनही घरांतील तरुणास लिहावयाचें असेल तर त्यास अडवूं नये. नाणें विकत न घेतां, केवळ लिहून काय मिळतें तें त्यानें सहा महिने पाहावें. वेळ जाईल, पण गांठचें कांहीं जाणार नाहीं. लेखाची मूळ प्रत स्वतःजवळ ठेवावी. खातें उघडतांना ज्या किल्ल्या मिळतात त्या निरनिराळ्या कामाच्या असतात: लेख टाकण्याची किल्ली वेगळी, नाणें हलविण्याची वेगळी, आणि मालकीची सर्वांवर. रोजच्या कामास पहिलीच वापरावी. जुलै २०१६ मध्यें स्टीमिटवर चोरी होऊन सुमारें २६० खात्यांस धक्का लागला होता, तेव्हां ही भीति काल्पनिक नव्हे. आणि मालकीची किल्ली हरवली तर ती पुन्हां काढून देणारी बँक किंवा तहसील कचेरी या व्यवहारांत नाहीं. म्हणून ती फोनमध्यें न ठेवितां कागदावर स्वच्छ उतरून सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर पेटींत ठेवावी, आणि ती कोठें आहे हें घरांतील आणखी एका माणसास ठाऊक असावें.