वीट कुणी भाजली?

बीजिंगच्या ईशान्येला जिन्शानलिंग नावाची डोंगररांग आहे. चीनच्या भिंतीचा सगळ्यात देखणा पट्टा माझ्या मते हाच. तटाच्या विटांवरून हात फिरवत चाललं की मध्येच बोटांना अक्षरं लागतात. वाकून पाहिलं तर विटेच्या अंगावर चिनी अक्षरांची एकच उभी ओळ. अर्थ साधा आहे : वानली सम्राटाचं सहावं वर्ष, झेनवू पलटणीच्या उजव्या तुकडीने तयार केली. म्हणजे साल १५७८. थोडं पुढे गेलं की दुसरी वीट सांगते, शानदोंगची डावी पलटण, १५७७.

हा शिक्का हौसेचा नव्हता. तट ढासळला, वीट भुसभुशीत निघाली, तर जाब कुणाला विचारायचा हे त्या विटेवरच लिहून ठेवलेलं होतं. काम पुरं झालं की शिळा बसायची आणि तिच्यावर बड्या अधिकाऱ्यांपासून गवंडी-पाथरवटांपर्यंतची नावं कोरली जायची. सम्राटांचे इतिहास आपण वाचतो, पण या भिंतीचा खरा हिशेब विटांवर आणि शिळांवर आहे, असं मला मनापासून वाटतं.

एक गैरसमज आधी दूर करायला हवा. छायाचित्रांत दिसते ती भिंत पहिल्या सम्राटाची, छिन शिहुआंगची नाही. त्याने इसवी सनापूर्वी २२१ मध्ये चीन एकत्र केला आणि मंग थ्यान या सेनापतीला तीन लाख माणसं देऊन उत्तरेला धाडलं. पण त्या काळचं बरंचसं बांधकाम माती ठोकून केलेलं होतं. लाकडी फळ्यांमध्ये माती ओतायची, धुम्मस करायची, फळ्या वर सरकवायच्या. त्यातलं फार थोडं उरलं आहे. डोंगराच्या कण्यावरून धावणारी विटांची, बुरुजांची भिंत मिंग राजवटीची आहे, आणि तिच्या या पूर्वेकडच्या भागावर एका माणसाचा हात फिरलेला आहे : छी जीग्वांग.

हा माणूस मूळचा किनाऱ्यावर लढणारा. झेजियांगमध्ये समुद्री चाच्यांचा बंदोबस्त करून नाव कमावलेला. १५६८ मध्ये त्याला उत्तरेच्या सरहद्दीवर बोलावलं, तेव्हा तिथली शिबंदी ढिली पडली होती. त्याने दक्षिणेतून आपले तीन हजार शिपाई मागवून घेतले. ते आले त्या दिवशी धो धो पाऊस. छावणीबाहेर रांगा लावून ते सकाळपासून उन्हं कलेपर्यंत उभे राहिले, जागचं कुणी हललं नाही. सरहद्दीवरचे जुने शिपाई बघतच राहिले. शिस्त म्हणजे काय हे त्यांना त्या दिवशी कळलं, अशी नोंद मिंगांच्या दरबारी इतिहासात आहे.

याच छीने भिंतीचं रूप पालटलं. आधी तटावरचे पहारेकरी उघड्यावर उभे असत. उन्हाळ्यात डोक्यावर छप्पर नाही, हिवाळ्यात आडोसा नाही. हत्यारं आणि दारू ऐन वेळी खालून वर आणायची. छीने दरबाराला हेच कळवलं आणि पोकळ बुरुजांची योजना मांडली. आत कमानींची दालनं, भिंतींत खिडक्या, पोटात धान्य आणि दारूगोळा, माथ्यावर टेहळणी. एका बुरुजात ३० ते ५० माणसं राहतील एवढी जागा. थोड्याच वर्षांत असे हजाराहून जास्त बुरूज उभे राहिले. त्या बुरुजांच्या दगडविटांत मला युद्धशास्त्राआधी एका सेनापतीची आपल्या माणसांबद्दलची काळजी दिसते.

शत्रू दिसला की द्यायच्या इशारतीचे नियम छीच्याही आधीचे, १४६६ चे. शत्रू शंभरेक असेल तर धुराचा एक लोट आणि तोफेचा एक बार. पाचशे असतील तर दोन, हजारांना तीन, पाच हजारांना चार, दहा हजारांना पाच. घोडेस्वार दौडवण्याआधी बातमी डोंगरामागून डोंगर ओलांडून गेलेली असे.

आता चुन्याकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. आपल्याकडे चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालून घाण्यात मळायचे. चीनमधले कारागीर चिकट तांदळाची पेज घालत. झेजियांग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये त्याचं कारण उलगडून दाखवलं. भाताच्या चिकटपणातलं अमायलोपेक्टिन चुन्याचे स्फटिक मोठे होऊ देत नाही, त्यामुळे ते बारीक आणि घट्ट बसतात. ताटातला भात तटाच्या सांध्यात गेला आणि शेकडो वर्षं टिकला! या विटा वर चढल्या त्या माणसांच्या आणि जनावरांच्या पाठीवरून. भिंतीच्या ज्यानकोउ पट्ट्यातल्या कड्यावर अलीकडे डागडुजी झाली तेव्हाही विटा खेचरांनीच वाहून नेल्या. तिथे दुसरं काही चढतच नाही.

मिंग गेले आणि भिंत ओस पडली. विसाव्या शतकात लोकांनी त्याच विटा काढून घरं आणि डुकरांचे गोठेसुद्धा बांधले. १९५२ मध्ये बादालिंगचा पट्टा दुरुस्त करायचं ठरलं, तेव्हा लुओ झवन नावाचा तरुण अभ्यासक गाढवावर बसून पाहणीला गेला. परतल्यावर आराखडे त्याने आपल्या गुरूंना, ल्यांग सिचंग यांना दाखवले. ते आजारी होते, तरी बारकाईने बोलले. जुनं जुन्यासारखंच दिसू दे. तटाजवळ उंच झाडं लावू नकोस. बसायचे दगडसुद्धा शाळेतल्या बाकांसारखे रांगेत मांडू नकोस. असा गुरू मिळायला भाग्य लागतं. आणि दुसरीकडे, २०२३ मध्ये शान्शी प्रांतात दोघांनी जवळचा रस्ता हवा म्हणून भिंतीत यंत्राने भगदाड पाडलं. ती बातमी वाचून रात्रभर अस्वस्थ होते.

छी जीग्वांगचा शेवट चांगला झाला नाही. त्याचा दरबारातला पाठीराखा १५८२ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची दक्षिणेला बदली झाली, मग पदही गेलं. १५८८ मध्ये तो हलाखीत मरण पावला. त्याचे दक्षिणी शिपाई मात्र उत्तरेतच राहिले. शानहायग्वानजवळच्या दोंगज्याकोउ गावातली घराणी आजही स्वतःला त्यांचे वंशज मानतात. तिथले बुरूज आकड्यांनी ओळखले जात नाहीत. हा झांगांचा, तो सुनांचा. कारण बायकामुलांसह आलेल्या एकेका कुटुंबाकडे एकेक बुरूज होता. त्या बुरुजांच्या दगडी दरवाजांवर, जिथून बाण आणि तोफगोळे सोडायचे त्याच भिंतीत, चौकटीभोवती कुणीतरी फुलं कोरून ठेवली आहेत.