मारबतीचा फोटो ठेवायचा कुठे?

ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद करण्यात आलं. निमित्त होतं एका जुन्या फोटोचं. १९३६ साली हॅम्बुर्गच्या गोदीत सगळा जमाव नाझी सलाम ठोकत असताना एकटा माणूस हाताची घडी घालून उभा आहे, असा तो फोटो. नाझींना नकार देणारं हे चित्र राहावं की जावं, हे एका कंपनीनं ठरवलं. याच नाराजीतून पुढच्याच महिन्यात अनेक भारतीयांनी मॅस्टोडॉन या पर्यायी समाजमाध्यमावर खाती उघडली.

मॅस्टोडॉनला एक मालक नाही. हजारो स्वतंत्र सर्व्हर ‘ॲक्टिव्हिटीपब’ या २०१८ साली मान्य झालेल्या मानकानुसार एकमेकांशी बोलतात. मजकुराचं ओझं फारसं नसतं. खरा पेच फोटो आणि व्हिडिओंचा आहे.

समजा, नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका मुलीनं तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मिरवणुकीतल्या पिवळ्या मारबतीच्या पुतळ्याचा २ एमबीचा फोटो टाकला आणि तिचे वाचक शंभर सर्व्हरांवर विखुरलेले आहेत. सहसा प्रत्येक सर्व्हर स्वतःची प्रत उतरवून घेतो, म्हणजे एकाच फोटोला २०० एमबी जागा लागते. यानं मूळ सर्व्हरवर ताण कमी पडतो, वाचकाचा आयपी पत्ताही परक्या सर्व्हरला कळत नाही. पण साठवणुकीचा खर्च पडतो तो बहुधा देणग्यांवर सर्व्हर चालवणाऱ्यांवर. म्हणूनच बाहेरून आलेल्या प्रती पुसण्याची आज्ञा मॅस्टोडॉनमध्ये आहे. वेगळं काही सांगितलं नाही, तर ती सात दिवसांपेक्षा जुन्या प्रती काढते. मुलीनं स्वतः फोटो काढून टाकला, तर तसा निरोप सगळीकडे जातो. तो पाळला जाईलच, याची हमी नाही. गर्दीत कुणाचं लहान मूल दिसत असेल, तर ही उणीव गंभीर आहे.

ब्लूस्काय या दुसऱ्या समाजमाध्यमानं वेगळी वाट धरली. तिथे मूळ फाईल वापरकर्त्याच्या डेटा-सर्व्हरवर राहते आणि पोस्टमध्ये तिचा गणिती ठसा असतो. फाईल कुठूनही आली, तरी ठसा जुळला की ती अस्सल. मात्र एक बाइट बदलला तरी ठसा बदलतो. त्यामुळे मंद नेटसाठी लहान केलेली प्रत मूळ ठशाशी ताडून पाहता येत नाही. ब्लूस्कायच्या ॲपमध्ये अशा प्रती कंपनीच्याच यंत्रणेतून येतात, म्हणजे विश्वास पुन्हा एका कंपनीवरच टाकावा लागतो.

मूळ फाईल लेखकाकडे, ठसा पोस्टमध्ये, इतरत्रच्या प्रतींना ठरलेली मुदत आणि पुसण्याचा निरोप बंधनकारक, अशी सांगड मानकातच घालायला हवी. जागा थोडी जास्त लागली तरी चालेल. ॲक्टिव्हिटीपबमधल्या सुधारणांचे प्रस्ताव कुणालाही मांडता येतात. नागपूरच्या व्हीएनआयटीत संगणकशास्त्र शिकणाऱ्यांनी ते वाचावेत आणि आपलाही एखादा प्रस्ताव पाठवावा.