एका ठिपक्यातले दोन तारे

घरात नवी दुर्बीण आली की पहिले काही दिवस चंद्रावरची विवरे, गुरूचे उपग्रह आणि शनीची कडी पाहण्यात जातात. मग ग्रह मावळतीला लागतात आणि दुर्बीण कपाटावर जाऊन बसते. तिला खाली उतरवायचे असेल तर जोडताऱ्यांकडे वळावे. नुसत्या डोळ्यांना एकच दिसणारा तारा दुर्बिणीतून पाहिल्यावर शेजारी शेजारी दोन दिसला, तर त्याला जोडतारा किंवा युग्मतारा म्हणतात. काही जोड्यांतले तारे खरोखर एकमेकांभोवती फिरतात. काही मात्र एकाच दिशेला, पण फार वेगवेगळ्या अंतरांवर असल्यामुळे केवळ जवळ भासतात.

तेजोमेघ किंवा दीर्घिका पाहायच्या तर गडद अंधार हवा. तेजस्वी जोडताऱ्यांना तो लागत नाही. आपल्या भोकरच्या बाजारपेठेजवळ हायमास्टच्या उजेडात राहणाऱ्यालाही ते दिसतात, अगदी पौर्णिमेच्या रात्रीसुद्धा. लागते ती स्थिर हवा, न हलणारी तिपाई आणि धीर.

जोडतारे पाहण्याचे काम महाराष्ट्रात पूर्वी झालेले आहे. बॉम्बे इंजिनिअर्समधले लष्करी अधिकारी विल्यम स्टीफन जेकब यांनी पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा उभारली होती. डॉलंड या कारखान्याच्या, पाच फूट केंद्रांतराच्या (मुख्य भिंगापासून प्रतिमा जिथे तयार होते तिथपर्यंतचे अंतर) दुर्बिणीतून त्यांनी नोव्हेंबर १८४५ ते फेब्रुवारी १८४८ या काळात जोडताऱ्यांचे वेध घेतले आणि २४४ जोड्यांची यादी प्रसिद्ध केली. पुढे ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश, भोकरचा एकोणीस अंशांच्या किंचित पुढे. म्हणजे जेकब यांना दिसलेले जवळजवळ सगळे आकाश आपल्यालाही दिसते.

आपली दुर्बीण किती जवळचे तारे वेगळे करील?

आकाशातले अंतर अंशात मोजतात. एका अंशाचे ६० भाग म्हणजे कला आणि एका कलेचे ६० भाग म्हणजे विकला. पूर्ण चंद्राची रुंदी सुमारे ३० कला भरते. साडेचार किलोमीटरवर धरलेले एक रुपयाचे नाणे जेवढे दिसेल, तेवढी एक विकला.

दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचा किंवा आतल्या मुख्य आरशाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि ११६ ला त्याने भागा. उत्तर विकलांमध्ये येते. डॉज नावाच्या इंग्रज निरीक्षकाने घालून दिलेली ही मर्यादा आहे. ७० मिलिमीटरच्या भिंगाच्या दुर्बिणीला ती १.७ विकला पडते, ११४ मिलिमीटरच्या आरशाच्या दुर्बिणीला साधारण एक विकला. दोन्ही तारे सारख्या तेजाचे असले तरच हा हिशेब जुळतो. एक लख्ख आणि दुसरा मंद असेल, तर मंद तारा झगमगाटात बुडतो आणि त्याला बरेच जास्त अंतर लागते.

जागा आणि वेळ

सगळ्यात जास्त निराशा चुकीच्या जागेमुळे पदरी पडते. उन्हाळ्यात स्लॅबची गच्ची दिवसभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. त्या वर चढणाऱ्या गरम हवेतून पाहिलेला तारा उकळल्यासारखा दिसतो. पत्र्याच्या छपरावरून पाहतानाही हेच होते. अंगण, मोकळी माती किंवा शेतातला आखाडा अधिक चांगला. गच्चीशिवाय इलाज नसेल, तर मध्यरात्र उलटून जाऊ द्या.

हवा स्थिर आहे का, हे दुर्बीण न लावताही कळते. डोक्यावरचे तारेसुद्धा जोरात लुकलुकत असतील, तर त्या रात्री जवळच्या जोड्यांचा नाद सोडा आणि लांबच्या जोड्या पाहा. पावसाळ्यानंतर धुतलेले आकाश सुंदर दिसते, पण सोयाबीनच्या मळणीची धूळ जवळपास उडत असेल तर वाऱ्याची दिशा बघून बसा.

दुर्बिणीलाही बाहेरच्या हवेची सवय व्हावी लागते. घरातून आणल्यावर अर्धा तास तरी तशीच ठेवा. नळीच्या आतली हवा आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात फरक असला की प्रतिमा थरथरते. हिवाळ्यात भिंगावर दव बसते. पुठ्ठ्याची नळी करून तोंडाशी पुढे काढली तर ते उशिरा बसते. बसलेच तर कापडाने पुसू नका, आपोआप वाळू द्या.

शोधक दुर्बीण जुळवणे

मोठ्या नळीवर बसवलेली लहान दुर्बीण म्हणजे शोधक, दुकानदारांच्या भाषेत फाइंडर. ती मुख्य दुर्बिणीशी जुळलेली नसेल, तर आपण पाहतो एक तारा आणि समजतो दुसराच. हे काम दिवसाच उरका. किलोमीटरभर लांबचा मोबाइल टॉवर किंवा पाण्याच्या टाकीचा कठडा मुख्य दुर्बिणीच्या मधोमध आणा. मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तीच खूण त्याच्या फुलीवर आणा. हे करताना दुर्बीण सूर्याच्या जवळपासही वळवू नका. एका क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो.

कोणती नेत्रिका?

आपण डोळा लावतो ते छोटे भिंग म्हणजे नेत्रिका. मुख्य भिंगाच्या केंद्रांतराला नेत्रिकेच्या केंद्रांतराने भागले की किती पट मोठे दिसते ते कळते. ७०० मिलिमीटर केंद्रांतराच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली तर २८ पट, १० मिलिमीटरची लावली तर ७० पट.

नवख्या माणसाचा हात आधी सर्वांत जास्त मोठे करणाऱ्या नेत्रिकेकडे जातो. मग तारा सापडतच नाही, आणि सापडला तरी तिपाई हलून निसटतो. नेहमी २५ मिलिमीटरपासून सुरुवात करा, तारा मधोमध आणा आणि मगच नेत्रिका बदला. तिपाईचे पाय पूर्ण लांब न करता खुर्चीवर बसून पाहिले, तर हादरे निम्मे कमी होतात.

पहिली जोडी : वसिष्ठ

लग्नात वधूवरांना दाखवतात ती अरुंधती आपल्या ओळखीची. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला लागून १२ कलांवर अरुंधती. एप्रिल-मे महिन्यांत हे दोघे रात्री उत्तरेला चांगले उंच येतात. भोकरहून वसिष्ठ जास्तीत जास्त ५४ अंश वर चढतो.

२५ मिलिमीटरच्या नेत्रिकेतून पाहा. दोन तेजस्वी तारे दूरदूर दिसतील, ते वसिष्ठ आणि अरुंधती. हीच जोडी पाहायची होती असे समजून पुष्कळ जण इथेच थांबतात. त्या दोघांच्या साथीला थोडा बाजूला एक मंद ताराही दिसतो, तोही आपल्याला हवा असलेला नाही. आता फक्त वसिष्ठाकडे लक्ष द्या. तो स्वतःच दोन आहे : एक तेजस्वी आणि १४ विकलांवर दुसरा थोडा मंद. ही जोडी इ.स. १६१७ मध्ये गॅलिलिओचे शिष्य बेनेडेट्टो कास्टेली यांनी पाहिली होती.

दिसली नाही, तर फोकसची चाके अगदी सावकाश दोन्हीकडे फिरवा. तारा जिथे सर्वांत लहान होतो, तिथे फोकस बरोबर. तरीही त्याला एका बाजूला धूमकेतूसारखी शेपटी दिसत असेल आणि ती प्रत्येक ताऱ्याला तशीच असेल, तर आतले आरसे किंवा भिंगे सरळ रेषेत नाहीत. फोकस थोडा बिघडवून पाहा. ताऱ्याभोवतीची वर्तुळे एकाच मध्याभोवती दिसली तर दुर्बीण ठीक आहे. एका बाजूला सरकलेली असतील, तर माहितगाराकडून जुळवून घ्या.

रंगांची जोडी

ऑक्टोबरमध्ये दिवेलागणीनंतर हंस तारकासमूह डोक्यावर असतो. हंसाच्या चोचीशी असलेल्या ताऱ्याला अल्बिरिओ म्हणतात. ३४ विकलांवरची ही जोडी सर्वांत लहान दुर्बिणीतही सुटी होते. एक सोनेरी, दुसरा निळसर. सोनेरी तारा पृष्ठभागी तुलनेने थंड असतो, निळा खूप तप्त. हे दोघे एकमेकांना बांधलेले आहेत की नुसते एका दिशेला आहेत, यावर खगोलशास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.

रंग कळत नसतील तर फोकस किंचित सैल करा. ताऱ्याची बारीक चकती झाली की रंग लगेच उमटतो. अगदी डोक्यावरचा तारा साध्या तिपाईवर धरणे अवघड जाते, म्हणून तो पश्चिमेकडे थोडा कलल्यावर पाहा.

अंतर कमी करत जा

यानंतर हिवाळ्यात पुनर्वसू नक्षत्रातला कॅस्टर घ्या. त्याच्या दोन ताऱ्यांत साडेपाच विकलांच्या आसपास अंतर आहे. ७० पटीला ते अगदी चिकटलेले, पण मधे काळी फट असलेले दिसतात. जोडीतले तारे गुरुत्वाकर्षणाने एकमेकांभोवती फिरतात, हे विल्यम हर्शेल यांनी १८०३ मध्ये दाखवून दिले, तेव्हा कॅस्टर हे त्यांचे महत्त्वाचे उदाहरण होते. कॅस्टरच्या या दोन ताऱ्यांची एक फेरी पूर्ण व्हायला साडेचारशेच्या आसपास वर्षे लागतात.

फट दिसत नसेल तर लगेच हार मानू नका. हवा मधूनच क्षणभर शांत होते. डोळा न हलवता दोन-तीन मिनिटे पाहत राहिलात, तर त्या क्षणात तारे सुटे होऊन जातात.

जेकब यांचा तारा

मे महिन्यात मध्यरात्री दक्षिणेला वृश्चिक रास उभी असते. ज्येष्ठेच्या पश्चिमेला अनुराधा नक्षत्राची ताऱ्यांची ओळ आहे. तिच्यातला सर्वांत उत्तरेचा तारा म्हणजे बीटा. तो साडेतेरा विकलांची सोपी आणि देखणी जोडी आहे. तिथून पूर्वेला तीन पूर्ण चंद्रांच्या रुंदीइतके सरकलात की ‘न्यू’ नावाचा मंद तारा येतो.

कमी पटीच्या नेत्रिकेतून हा तारा ४१ विकलांवरची जोडी दिसतो. १८४७ मध्ये जेकब यांनी पुण्याहून त्यातला मंद तारा नीट पाहिला, तर तोही दोन निघाला, मधले अंतर जेमतेम अडीच विकला. तेजस्वी ताराही दुहेरी असल्याचे पुढे अमेरिकेतल्या बर्नहॅम यांनी दाखवले, पण त्यासाठी मोठी दुर्बीण लागते. ११४ मिलिमीटरच्या दुर्बिणीतून शंभर पटीच्या पुढे, शांत रात्री, जेकब यांचे तिन्ही तारे आपण पाहू शकता. लंडनहून हा तारा क्षितिजापासून वीस अंशही वर येत नाही. भोकरहून तो पन्नास अंशांच्या वर चढतो. क्षितिजाजवळची जाड हवा टाळता येते, हा आपल्या अक्षांशाचा मोठा फायदा.

दक्षिणेचे क्षितिज मोकळे असेल तर

मेच्या मध्यात रात्री साडेअकराच्या सुमारास बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम दहा अंशांवर नरतुरंग समूहातला अल्फा सेंटॉरी येतो. झाडे, घरे आड येत असतील तर दिसणार नाही. शिवारात जावे लागेल. तो जोडतारा आहे हे पहिल्यांदा भारतातूनच लक्षात आले. डिसेंबर १६८९ मध्ये पुदुच्चेरीत एक धूमकेतू पाहत असताना फादर जाँ रिशो यांना त्या जागी दोन तारे दिसले. हे तारे सुमारे ८० वर्षांत एक फेरी मारतात. २०१६ च्या सुमारास ते चार विकलांपर्यंत जवळ आले होते. त्यानंतर पुन्हा दूर जाऊ लागले. इतक्या खाली ते थरथरत दिसणारच. तो दोष दुर्बिणीचा मानू नका.

दिशा आणि नोंद

दुर्बिणीत प्रतिमा उलटी किंवा आरशातल्यासारखी दिसते, म्हणून वर-खाली, डावे-उजवे असे लिहून ठेवलेले नंतर कळत नाही. दुर्बीण स्थिर सोडून द्या. तारा ज्या कडेने बाहेर जातो, ती पश्चिम. नळी ध्रुवताऱ्याच्या दिशेने हलकेच ढकला. ज्या कडेने नवे तारे आत येतात, ती उत्तर. उत्तरेपासून पूर्वेकडे फिरत दुसरा तारा किती अंशांवर आहे, त्याला स्थितिकोन म्हणतात. उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०.

वहीत एक वर्तुळ काढा. त्यात उत्तर आणि पश्चिम लिहा, तारे टिंबांनी दाखवा, मोठ्या ताऱ्याचे टिंब मोठे. खाली तारीख, वेळ, दुर्बिणीचा व्यास, किती पट, हवा कशी होती आणि अंदाजे स्थितिकोन लिहा. लिहिताना मोबाइलचा उजेड वापरला तर अंधाराला सरावलेला डोळा पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. टॉर्चवर लाल कागद बांधा. छापील आकडे आधी न बघता आपला अंदाज लिहा आणि मग ताडून पाहा. डोळा तयार होतो तो यातूनच.

वसिष्ठ आणि अल्बिरिओ आयुष्यभर तसेच दिसतील, पण कन्या राशीतला पोरिमा बदललेला दिसेल. त्याचे दोन सारखे तारे १६९ वर्षांत एक फेरी करतात. २००५ मध्ये ते अर्ध्या विकलेच्या आत आले होते आणि घरगुती दुर्बिणीत एकच दिसत होते. आता ते तीन विकलांच्या पुढे गेले आहेत, आणि ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीतही सुटे होतात. यंदा चैत्र-वैशाखात त्याचा आराखडा काढून ठेवा आणि दहा वर्षांनी पुन्हा काढा. दोन्ही पाने शेजारी ठेवली की तारे किती सरकले, ते आपल्याच हाताने मोजता येईल. म्हणून तारखेबरोबर वर्ष लिहायला विसरू नका.