वाऱ्याचे कोणी ऐकायचे?

मळणी यंत्रे गावोगाव पोचली नव्हती, तेव्हा गव्हा-ज्वारीची उपणणी वाऱ्याच्या मर्जीवर चाले. गडी तिवईवर उभा राहून पाटीतला ऐवज हळूहळू खाली सोडी. दाणे तिवईच्या पायथ्याशी पडत, भुसा पलीकडे जाऊन पडे. वारा पडला की काम थांबे, हे उघडच आहे. पण वारा असूनही तो झोतांनी वाहू लागला तर पंचाईतच होई. जोराचा झोत आला की दाणे भुशात जात आणि झोत ओसरला की भुसा राशीवर येऊन बसे.

ही पंचाईत आकड्यांत मांडता येते. दोन मीटर उंचीवरून सोडलेला गव्हाचा दाणा पाऊण सेकंदाच्या आत जमिनीवर येतो. तेवढ्या वेळात सेकंदाला तीन मीटर वेगाचा वारा त्याला जेमतेम हातभर सरकवतो. भुसा सावकाश खाली येतो, त्यामुळे त्याच वाऱ्यात तो साधारण चार मीटर लांब जातो. दोघांत चांगले अंतर पडते. आता वाऱ्याचा वेग एकदम आठ मीटरवर गेला असे समजू. वारा तिप्पटही झालेला नाही, पण दाणा दीड-दोन मीटरवर जाऊन पडतो, म्हणजे सरकणे चौपटीच्या घरात गेले.

असे होते, कारण हवेचा रोध वेगाच्या प्रमाणात नव्हे, तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हा वेग वस्तूचा एकटीचा नसतो, वस्तू आणि हवा यांच्यातला असतो. आडवा झोत आला की तो वाढतो आणि त्याबरोबर वर ढकलणारा रोधही वाढतो. सेकंदाला सहा मीटर वेगाने पडणाऱ्या दाण्यावर आठ मीटरचा आडवा झोत आला, तर त्याला वर रेटणारे बल दीडपटीहून अधिक होते. आडव्या वाऱ्याने पडणे मंदावते, हे ऐकायला विचित्र वाटते खरे. पण दाण्याने वाऱ्याचा वेग पकडेपर्यंत तरी तसे घडतेच. धुक्याच्या थेंबांएवढ्या सूक्ष्म कणांना मात्र हा वर्गाचा नियम लागू होत नाही.

मग झोताचे ऐकायचे कोणी आणि त्याला दाद द्यायची नाही कोणी? याचे उत्तर एका साध्या भागाकारात आहे. खूप उंचावरून पडणारी वस्तू काही वेळाने एका ठरावीक वेगावर स्थिरावते. त्याला अंतिम वेग म्हणतात. या वेगाला गुरुत्वीय त्वरणाने, म्हणजे 9.8 ने भागले की काही सेकंद मिळतात. वाऱ्यातला बदल अंगी लागायला त्या वस्तूला साधारण तेवढा वेळ लागतो. पावसाच्या एक मिलिमीटर व्यासाच्या थेंबाचा अंतिम वेग सेकंदाला चार मीटर असतो, म्हणून त्याला 0.4 सेकंद पुरतात. पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब नऊ मीटर वेगाने येतो आणि जवळजवळ एक सेकंद घेतो. जागतिक हवामान संघटनेच्या व्याख्येनुसार झोताचा वेग तीन सेकंदांच्या सरासरीवर मोजतात, तर नेहमीच्या वाऱ्याचा दहा मिनिटांच्या. तेव्हा पावसाचे सगळेच थेंब झोताबरोबर तिरके होतात.

विमानातून उडी मारणाऱ्या माणसाचे उदाहरण याहून मजेदार आहे. हातपाय पसरून पडताना त्याचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या आसपास असतो. भागाकार येतो साडेपाच सेकंदांच्या पुढे. तीन सेकंदांचा झोत त्याला पुरता लागण्याआधीच संपतो. छत्री उघडली की तोच माणूस सेकंदाला पाचेक मीटर वेगाने उतरू लागतो आणि भागाकार अर्ध्या सेकंदावर येतो. वजन तेच, माणूस तोच, पण आता प्रत्येक झोत त्याला जाणवतो. शिवाय दोरांखाली लोंबत असल्यामुळे झोताच्या सुरुवातीला आणि शेवटी तो झुलतो, ते वेगळेच. जमिनीलगत झोतांचा वारा असला की उड्या थांबवतात, त्यामागे हेच आहे.

चपट्या वस्तूंचा स्वभाव आणखी बेभरवशाचा. पत्ता किंवा सुके पान शांत हवेतसुद्धा सरळ पडत नाही. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने विद्युतचुंबकत्वाचे आपले सिद्धांत मांडण्याआधी, 1854 मध्ये, पडता पडता कोलांट्या घेणाऱ्या कागदाच्या पट्टीवर लेख लिहिला होता. अशा वस्तूला झोत नुसता ढकलत नाही, तिचा कोनही बदलतो. डुलत येणारे पान एका झटक्यात उलटून गरगरू लागते आणि मग ते कुठे पडेल हे सांगणे अवघड होऊन बसते.

वनस्पतींनी मात्र या लहरीपणावरच संसार मांडला आहे. युरोपातल्या कुरणांवरच्या डँडेलियनच्या बीला शंभरेक केसांची छत्री असते. तिच्यातला बहुतेक भाग मोकळा असतो. केसांमधून निसटणाऱ्या हवेमुळे छत्रीच्या वर एक कडीसारखा भोवरा तरंगत राहतो, हे एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले. या बीचा अंतिम वेग सेकंदाला सुमारे 40 सेंटिमीटर, म्हणजे वाऱ्याचे ऐकायला तिला सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. आपल्याकडे उन्हाळ्यात सावरीची आणि रुईची बोंडे उकलतात आणि मुले ज्यांना म्हातारी म्हणून पकडायला धावतात, त्या बियांचे तंत्रही केसांचेच.

अशा बीला आडव्या वाऱ्यापेक्षा उभा झोत जास्त उपयोगी पडतो. वर जाणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर असला तरी ती पडायची सोडून चढू लागते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक जंगलात उंच मनोरा उभारून झालेला अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. फार दूर पोचतात त्या बिया बहुधा हवेच्या उसळीने झाडांच्या शेंड्यांवर उचलल्या गेलेल्या असतात, असे त्यात दिसले.

झोतांनी विज्ञानालाही बराच काळ चकवले आहे. लंडनच्या विल्यम हेबर्डन या डॉक्टरने 1766-67 मध्ये वर्षभर पाऊस मोजला. जमिनीजवळच्या पर्जन्यमापकात 22.6 इंच पाणी जमले, वेस्टमिन्स्टर ॲबेच्या माथ्यावर फक्त 12.1 इंच. थेंब खाली येता येता वाढतात की काय, असेही तर्क झाले. 1861 मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने खरा चोर पकडला. हा माणूस पुढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून गाजला, पण तरुणपणी त्याला हवामानाचे वेड होते. मापकाच्या काठावर आदळलेली हवा वर उसळून वेगाने पुढे जाते आणि हलके थेंब तोंडावरून पलीकडे नेते, असे त्याने दाखवून दिले. उंचावर वारा जोराचा, म्हणून तूटही मोठी. भारतीय हवामान विभागाच्या साध्या पर्जन्यमापकाचे तोंड म्हणूनच जमिनीपासून अवघ्या 30 सेंटिमीटरवर ठेवतात, आणि झाडे-भिंती त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर असाव्या लागतात.